प्रिंटरचा पत्ता

दहावीची परीक्षा जवळ आली की शाळेच्या कार्यालयात एकच धांदल उडते. हॉल तिकिटे मंडळ ऑनलाइन देते. ती शाळेने संगणकावर उतरवून घ्यायची, छापायची आणि मुख्याध्यापकांची सही व शिक्का घेऊन तुमच्या हाती द्यायची, अशी आजची पद्धत आहे. अकोला जिल्ह्यातील पातूरसारख्या तालुक्याच्या गावीही हेच चालते. समजा, अशा दिवशी तुमच्या शाळेतील लिपिकांनी 'प्रिंट'चे बटण दाबले आणि पडद्यावर 'ऑफलाइन' असा शब्द उमटला. प्रिंटर तर समोर सुरू आहे. हिरवा दिवा लागलेला आहे, कागद भरलेला आहे. मग घोडे अडले कुठे? बहुतेक वेळा ते पत्त्यात अडलेले असते.

पूर्वी एका संगणकाला एक प्रिंटर केबलने जोडलेला असे. दुसऱ्या संगणकावरचे काही छापायचे झाले तर ते फ्लॉपीत किंवा पेन ड्राइव्हमध्ये भरून पहिल्या संगणकापाशी न्यावे लागे. नेटवर्क प्रिंटर तसा कोणा एकाचा नसतो. तो राउटरला जोडलेला असतो आणि त्या राउटरवरचा कोणताही संगणक किंवा मोबाइल त्याला काम सांगू शकतो. मुख्याध्यापकांची खोली, कार्यालय आणि संगणक कक्ष या तिन्ही ठिकाणांहून एकाच यंत्रावर कागद निघतात.

ही सोय नवी वाटते, पण तिचे मूळ जुने आहे. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ साली लेझर प्रिंटर तयार केला. हे महागडे यंत्र प्रत्येक टेबलावर ठेवणे शक्यच नव्हते. त्याच प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली 'इथरनेट' या जोडणीची कल्पना मांडली. अनेक संगणकांना तो एक प्रिंटर वापरता यावा, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. आज आपण नेटवर्क म्हटले की इंटरनेटच आठवतो. पण घरातल्या घरात यंत्रे जोडण्याची गरज प्रिंटरमुळेही निर्माण झाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता पत्त्याकडे वळू. अकोला जिल्ह्यात पातूर नावाची दोन गावे आहेत. एक अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, डोंगरात कोरलेल्या लेण्यांचे पातूर. शेख बाबूंच्या दर्ग्यामुळे जुन्या गॅझेटियरमध्ये त्याचे नाव 'पातूर शेख बाबू' असेही आढळते. दुसरे पातूर नंदापूर. पत्रावर नुसते 'पातूर' लिहिले तर टपालखात्याने काय करावे? अशाच अडचणींवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिन कोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी मराठी होते, संस्कृतचे कवीही होते. पातूरचा पिन कोड ४४४५०१. यातील पहिल्या ४ या अंकाने महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा मोठा विभाग कळतो. पहिल्या तीन अंकांनी टपालाच्या छाटणीचा जिल्हा कळतो आणि शेवटच्या तीन अंकांनी नेमके टपाल कार्यालय.

नेटवर्कवरच्या यंत्राचा पत्ताही असाच अंकांचा असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो चार भागांत लिहितात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. लहान शाळेत किंवा घरात बहुधा पहिले तीन भाग सर्व यंत्रांना सारखेच असतात. ते जणू गाव झाले. शेवटचा भाग घराचा. दोन यंत्रांना एकच पत्ता मिळाला तर दोन्ही पातूरांसारखाच घोटाळा होतो, आणि तो उलगडणे जास्त त्रासाचे असते.

हे पत्ते वाटतो कोण? राउटर. सराईत मुसाफिर आला की व्यवस्थापक त्याला रिकामी खोली देतो. उद्या तोच मुसाफिर पुन्हा आला तर तीच खोली मिळेल असे नाही. राउटर यंत्रांना तसेच पत्ते देतो. मोबाइलचे त्यात काही बिघडत नाही, कारण मोबाइलला कोणी शोधत येत नाही. तोच इतरांना शोधतो. प्रिंटरचे मात्र उलटे आहे. त्याला सगळे शोधत येतात. काल १९२.१६८.१.५० वर असलेला प्रिंटर वीज जाऊन आल्यावर १९२.१६८.१.५३ वर जाऊन बसला, तर संगणक जुन्याच दारावर थाप देत राहतो आणि शेवटी 'ऑफलाइन' म्हणतो. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून प्रिंटर बसवताना सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे त्याची खोली कायमची राखून ठेवणे.

हे कसे करायचे ते पाहू. प्रथम प्रिंटर राउटरला केबलने किंवा वाय-फायने जोडा. शक्य असेल तर केबलच बरी. भिंतीआड वाय-फाय अशक्त होतो. वाय-फाय वापरायचाच असेल तर एक गोष्ट तपासा. बरेचसे स्वस्त प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात, ५ गिगाहर्ट्झचा त्यांना दिसतही नाही. जोडणी झाली की प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती कागदावर छापून घ्या. त्या कागदावर दोन पत्ते सापडतील. एक आयपी पत्ता, दुसरा मॅक पत्ता. मॅक पत्ता कारखान्यातच दिलेला असतो. तो वीज गेल्याने बदलत नाही. त्यात बारा चिन्हे असतात, काही अंक आणि काही इंग्रजी अक्षरे.

मग संगणकावरच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाइप करून त्याचे पान उघडा. पत्ता आणि संकेतशब्द बहुधा राउटरच्या पाठीवर चिकटवलेले असतात. अंक अर्थातच इंग्रजीत टाकायचे. इथे मी देवनागरीत लिहिले ते तुमच्या वाचनासाठी. राउटरच्या पानावर 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' किंवा तशाच अर्थाचे नाव असलेली जागा असते. तेथे प्रिंटरचा मॅक पत्ता आणि त्याला द्यायचा आयपी पत्ता लिहून जतन करा. ही खोली आता त्याच मुसाफिराची. प्रिंटर एकदा बंद करून सुरू करा आणि त्याला तोच पत्ता मिळाला का ते पुन्हा पाहा.

आता संगणकाची बाजू. विंडोजच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडून 'अॅड डिव्हाइस' दाबा. बऱ्याचदा प्रिंटरचे नाव आपोआप यादीत येते. ते निवडण्याचा मोह होतो. माझे मत विचाराल तर तो आवरा आणि स्वतः पत्ता देण्याचा पर्याय घ्या. यादी आली नाही की तो पर्याय खाली दिसतो. त्यात आयपी पत्त्याने प्रिंटर जोडण्याची सोय असते. पत्त्याने जोडलेला प्रिंटर कुठे आहे हे आपल्याला नेमके ठाऊक असते, आणि बिघडल्यावर शोधायला सोपे जाते.

यानंतर संगणक 'ड्रायव्हर' मागेल. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. उर्दूत तुम्ही ज्याला तर्जुमान म्हणता तोच. संगणक पानाचे वर्णन एका भाषेत करतो, प्रिंटरला दुसरी कळते. दुभाषी चुकीचा निवडला तर प्रिंटर एकामागून एक कागदांवर निरर्थक चिन्हे ओकत सुटतो. म्हणून प्रिंटरच्या पुढच्या बाजूस लिहिलेला क्रमांक अक्षर न अक्षर जुळवून, कंपनीच्याच संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा.

आणखी एक चूक सर्रास होते. ब्रॉडबँड बंद पडले की संगणक कोणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडतात. इंटरनेट सुरू होते, पण प्रिंटर नाहीसा होतो! नाहीसा कसला, तो जुन्याच गावात बसून आहे. संगणकाने गाव बदलले. हॉल तिकिटे उतरवून झाली की संगणक पुन्हा शाळेच्या वाय-फायला जोडा. छापण्यासाठी इंटरनेट लागत नाही. राउटर, संगणक आणि प्रिंटर या तिघांना वीज मिळाली की पुरे. मात्र लहान इन्व्हर्टरवर लेझर प्रिंटर लावू नका. त्याचा आतला रूळ तापताना एकदम खूप वीज ओढतो. राउटर इन्व्हर्टरवर, प्रिंटर थेट विजेवर, अशी वाटणी चांगली.

कागद निघाला नाही तरी बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. प्रत्येक दाबणीला एक नवे काम रांगेत उभे राहते. प्रिंटर सापडला की सगळी रांग एका दमात बाहेर येते आणि एकाच मुलाची पाच हॉल तिकिटे हाती पडतात. प्रथम रांग उघडून पाहावी, नको ती कामे काढून टाकावीत. छापलेले कागदही ताबडतोब उचलावेत. प्रिंटर सर्वांचा असला तरी त्यावरची नावे, जन्मतारखा आणि छायाचित्रे सर्वांची नसतात.

तुमच्या शाळेपुरती एक खास अडचण राहिली. नस्तालीक लिपीत शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो आणि शेजाऱ्यानुसार अक्षराचे रूप बदलते. म्हणूनच उर्दू वर्तमानपत्रे दीर्घकाळ कातिबांच्या हाताने लिहिली जात. मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून 'नूरी नस्तालीक' हा संगणकीय टंक तयार झाला आणि १९८१ साली 'जंग' दैनिकाने तो वापरला. आपल्याकडच्या शाळांत आणि छापखान्यांत दिसणारे 'इनपेज' दिल्लीत तयार झाले, १९९४ साली. इनपेजमध्ये केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावरून छापायची तर तेथे इनपेज असावे लागते. कृतिदेवसारख्या जुन्या टंकात लिहिलेल्या मराठीचीही तीच गत. टंक नसेल तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दोन्हींवर उपाय एकच. जेथे पान तयार केले तेथेच त्याचे पीडीएफ करा. पीडीएफमध्ये साधारणपणे टंकही सोबत बांधला जातो.

म्हणून प्रिंटर बसवल्यावर विंडोजचे चाचणी पान छापून थांबू नका. एक ओळ मराठीत आणि एक उर्दूत लिहून तिन्ही खोल्यांतून छापून पाहा. नुक्ते जागेवर आले का, मात्रा-वेलांट्या तुटल्या नाहीत ना, हे नजरेखालून घाला. मग मेन स्विच बंद करून दहा मिनिटांनी सुरू करा आणि पुन्हा छापा. कागद निघाला, तर तो आयपी पत्ता एका चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या बाजूला चिकटवून द्या.