काळी कोंबडी आणि कडकनाथ

काळी दिसली की कडकनाथ, हा समज आठवडी बाजारापासून पिल्लांच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे पसरला आहे. पिसांचा रंग तर सर्वांत फसवा. ऑस्ट्रेलियाची ऑस्ट्रालॉर्प पिसांनी काळीकुट्ट, उन्हात हिरवी झाक मारणारी. पण तिचा तुरा लालभडक आणि कातडी पांढरी असते. आपल्या गावरान कळपांतही काळ्या पिसांच्या कोंबड्या असतातच. उलट अस्सल कडकनाथ नखशिखान्त काळा असलाच पाहिजे असे नाही. जेट ब्लॅक, पेन्सिल्ड आणि गोल्डन असे त्याचे तीन प्रकार मानतात. पेन्सिल्डच्या पिसांवर पांढरट, तर गोल्डनच्या पिसांवर सोनेरी छटा असते. त्यामुळे नुसती पिसे पाहणारा अस्सल पक्षी नाकारून भलताच घरी आणू शकतो. कडकनाथची अंडी आणि रक्त काळे असते हीसुद्धा अफवाच. अंडे फिकट तपकिरी किंवा मळकट पांढरे असते आणि रक्त लालच.

मग जीभ, कातडी, मांस, हाडे काळी आहेत का ते पाहावे, असे जाणकार सांगतात. ते योग्यच आहे, पण तेवढ्याने जात सिद्ध होत नाही. अंतर्बाह्य काळेपणा मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो आणि त्याचे मूळ कोंबडीच्या २० क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. तिथला ईडीएन-३ हे जनुक असलेला तुकडा दुप्पट झालेला असतो. हाच बदल चीनच्या सिल्कीत आणि इंडोनेशियाच्या आयाम चेमानीतही आहे. सिल्की ओळखणे सोपे: केसांसारखी मऊ पिसे, डोक्यावर झुपका, पायाला चारऐवजी पाच बोटे. चेमानी मात्र चकवते. तिची पिसे साधी, बोटे चारच. तिचा तुराही काळाभोर असतो, तर कडकनाथच्या तुऱ्यावर बऱ्याचदा करडी किंवा जांभळट छटा दिसते. त्याहून अवघड संकराचे. हा काळेपणा प्रभावी गुण आहे. शिवाय त्याला दाबणारे एक जनुक लिंगगुणसूत्रावर असते. त्यामुळे कडकनाथ कोंबडा साध्या पांढऱ्या कातडीच्या कोंबडीला लावला, तर माद्या बऱ्याच काळ्या निघतात आणि नर उजळ. त्या माद्या 'शुद्ध' म्हणून विकणे मुळीच कठीण नाही. केवळ ईडीएन-३च्या दुप्पट तुकड्याची चाचणी केली तरी काळेपणा कळेल, वंश नाही.

खाणाऱ्याला काळे मांस मिळाले की झाले, जातीची चिकित्सा कशाला, असा आक्षेप येतो. खाण्यापुरता तो मान्य करता येईल. पण पिल्ले पाळून पुढची पिढी काढणाऱ्याकडे संकराचे गुण टिकून राहत नाहीत. पुढच्या पिढीत रंग, वाढ, अंडी सगळेच विस्कटते. शिवाय ही जात पश्चिम मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार भागातील भिल्ल आणि भिलाला समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली आहे. तिथे तिला कालामासी म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. ते त्या प्रदेशातील मांसाला आहे. सोलापूरला वाढवलेला पक्षी जातीने कडकनाथ असू शकतो, पण ते मानांकन त्याला लागू होत नाही.

म्हणून पिल्ले घेताना आई-बापांचा कळप समोर उभा करायला सांगा, तुरा, जीभ, बोटे एकत्र तपासा, आणि कळप दाखवायला कचरणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका.