खरखरीतून येणारी गाणी

मैत्रिणींनो, रेडिओचा विषय निघाला की साठीच्या आसपासच्या बायकांचे चेहरे कसे खुलतात, ते पाहिलंय का कधी? हळदीकुंकवाला नाहीतर भिशीला नुसतं "बिनाका" म्हणून बघा. कुणी अमीन सयानींच्या आवाजाची आठवण काढील, कुणी 'पुन्हा प्रपंच'मधल्या टेकाडे भावजींची. आमच्या पिढीला हे सारं ऐकीव. आम्ही वाढलो टीव्हीसमोर आणि पुढे मोबाइलला इअरफोन लावून. तरी लांबचं केंद्र पकडायची गंमत थोडीशी आमच्याही वाट्याला आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचं वडीगोद्री जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, संभाजीनगर–बीड रस्त्यावर. दक्षिणेला गोदावरी, शिवारात ऊस नि कापूस. पण रेडिओच्या हिशेबानं म्हणाल तर गाव सगळ्यांपासून लांबच! औरंगाबाद आणि परभणी ही त्यातल्या त्यात जवळची आकाशवाणी केंद्रं. पुण्या-मुंबईची भेट व्हायची ती दिवेलागणीनंतर. आणि गंमत अशी, की घरोघरी सगळ्यात लाडकं केंद्र होतं ते सगळ्यात दूरचं, थेट समुद्रापलीकडचं रेडिओ सिलोन!

आता सिलोनच का? त्याला कारण घडलं दिल्लीत. 1952 साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताचं प्रेम आणि सिनेमाच्या गाण्यांचं वावडं. आकाशवाणीवरची सिनेगीतं आटली आणि ऐकणाऱ्यांनी सुई सिलोनकडे वळवली. तिथं महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेलं दणकट प्रक्षेपक होतंच. त्याच वर्षी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र गाण्यांची झाली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957ला आकाशवाणीनं 'विविध भारती' काढली. तरी गीतमाला सिलोनवरच राहिली. ती विविध भारतीवर आली 1989 साली.

कोलंबो आमच्यापासून सुमारे दीड हजार किलोमीटर. एवढ्या लांबून आवाज यायचा कसा? शाळेत मुलींना मी सांगते ते असं: पृथ्वीच्या वर खूप उंचीवर विद्युतभारित हवेचे थर आहेत. लघुलहरी त्यांवर आपटून, भिंतीवर टाकलेल्या चेंडूसारख्या खाली येतात. मध्यम लहरींचं जरा निराळं. दिवसा खालचा एक थर त्यांना गिळून टाकतो, त्यामुळे जवळचंच केंद्र लागतं. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरापर्यंत पोहोचतात आणि लांबलांबची केंद्रं बोलू लागतात. म्हणून तर रात्री एकाच जागी दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा गलका!

आमच्या सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात मर्फीचा रेडिओ होता. पोस्टातून त्याचा परवाना काढावा लागे. रेडिओची जागा बैठकीत, कोनाड्यात, वर भरतकामाचं झाकण. बटणाला हात लावायचा तो मामंजींनी नाहीतर दिरानं. बायकांनी ऐकायचं ते स्वयंपाकघरातून, भिंतीआडून. गीतमाला रात्री आठला, म्हणजे ऐन भाकरीच्या वेळेला. मग काय, बुधवारी चूल लवकर पेटायची! "भाकरी थापताना हाताचा आवाजसुद्धा जरा कमी करायचो गं," असं त्या सांगतात तेव्हा हसू येतं, नि पोटात कालवतंही.

सासूबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. त्या हिंदी शिकल्या रेडिओवर. बाळाला कोणती लस कधी टोचायची, जुलाब झाले तर साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, हेही त्यांनी रेडिओवरच ऐकलं. वर्तमानपत्र बैठकीतून आत यायचं ते रद्दी होऊन, पण आवाजाला भिंत अडवू शकली नाही. हात कामात आणि कान मोकळे, अशा बाईला रेडिओसारखा सोबती दुसरा नाही.

एकदा त्यांनी धाकट्या दिराच्या मिनतवाऱ्या करून फर्माइशीचं कार्ड लिहून घेतलं. त्यावर घालायला लावलं ते स्वतःचं नाव. अमक्याची आई नाही, तमक्यांची सून नाही, स्वतःचं. मग आठवडे मोजणं सुरू झालं. एका रात्री यादी वाचली जाऊ लागली आणि नेमकी खरखर वाढली. "वडीगोद्री" एवढा शब्द तेवढा स्पष्ट आला, पुढचं सगळं बुडालं. गाणं लागलं ते मात्र त्यांचंच होतं. नाव घेतलं की नाही, हे त्यांना आजवर कळलेलं नाही. "घेतलंच असंल माय, गावाचं नाव काय उगं घेतील?" असं म्हणून त्या विषय संपवतात. शिधापत्रिकेबाहेर बाईचं नाव कुठं उच्चारलं जातच नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट!

आमच्या वेळी आला एफएम. आवाज कसा स्वच्छ! पण त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, आकाशातून परतत नाहीत. त्यामुळे शहराबाहेर पन्नास-साठ किलोमीटर आलं की केंद्र मलूल. मोबाइलच्या रेडिओला तर इअरफोनची वायर हीच एरियल. आम्ही मैत्रिणी गच्चीवर जाऊन ती वायर खिडकीच्या गजाला अडकवायचो. थंडीच्या पहाटे मात्र चमत्कार व्हायचा. जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवा असली, की लहरी वाकून लांबवर येतात. कधी न लागणारं शहराचं केंद्र अर्धा तास लख्ख लागायचं आणि ऊन चढलं की गडप!

पण एक सांगू? इअरफोननं बटण आमच्या हाती दिलं खरं, पण प्रत्येकीचं गाणं प्रत्येकीच्या कानात कोंडलं. सासूबाई भिंतीआडून ऐकायच्या, तरी सारं घर एकच गाणं ऐकत असायचं.

आता तर ती लांबची केंद्रंही एकेक करून मावळताहेत. नागपूरच्या बलाढ्य प्रक्षेपकावरून 1988 साली सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी जानेवारी 2019मध्ये बंद झाली. गेल्या काही वर्षांत देशातली अनेक मध्यम लहरी प्रक्षेपकं बंद झाली. आकाशवाणीच्या ॲपवर पुष्कळ केंद्रं खरखरीशिवाय ऐकू येतात, हे चांगलंच आहे. मी सासूबाईंना लावूनही देते. पण वादळात वीज गेली, मोबाइलचा टॉवर बंद पडला, की दोन सेलवरचा छोटा रेडिओच बोलत राहतो. तेव्हा घरातला जुना रेडिओ भंगारात टाकू नका. त्यासाठी या चार गोष्टी:

रेडिओ वापरात नसेल तर सेल काढून ठेवावेत. ते पाझरले की पत्र्या गंजतात. पत्र्यांवर डाग असतील तर कोरड्या खोडरबरानं हलकेच घासावेत.

मध्यम लहरींचा एरियल पेटीच्या आतच असतो. आवाज बारीक आला तर दांडी ओढू नका, अख्खा रेडिओच हळूहळू फिरवा.

बाहेरची दांडी एफएमसाठी. एफएमची लहर सुमारे तीन मीटरची, म्हणून तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, पाऊण मीटर दांडी उघडली की पुरते.

एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्याजवळ रेडिओ ठेवू नये. निम्मी खरखर त्यांचीच असते.

आणि पाचवी गोष्ट माझ्याकडून. फर्माइशी आजही घेतल्या जातात. घरातल्या आजीला, सासूबाईंना त्यांचं आवडतं गाणं विचारा आणि त्यांच्या नावानं कळवा. नाव मात्र पूर्ण लिहा, त्यांचं स्वतःचं.