परिरक्षण, विद्युत् अपारक : अतिपातळ स्तरित पदार्थांतील

पदार्थातील दोन विद्युत् भारांमधील बल सभोवतालच्या अणूंच्या ध्रुवणामुळे (त्यांतील धन व ऋण भारांची केंद्रे किंचित अलग सरकल्यामुळे) क्षीण होते. या क्रियेस विद्युत् अपारक परिरक्षण म्हणतात. जाड स्फटिकात ही क्षीणता विद्युत् अपारकता स्थिरांक या एकाच संख्येने व्यक्त करता येते. सिलिकॉनाचा हा स्थिरांक सु. ११.७ असल्याने त्यातील दूरस्थ भारांमधील बल निर्वातातील बलाच्या सु. बाराव्या हिश्शाइतके उरते.

एक ते तीन अणूंच्या जाडीच्या थरात मात्र अशी एक संख्या पुरत नाही. भारांना जोडणाऱ्या पुष्कळशा बलरेषा थराबाहेरून जातात आणि तेथे निर्वात असल्यास ध्रुवित होणारे द्रव्यच नसते. त्यामुळे भार जवळ असता परिरक्षण जाणवते; अंतर वाढेल तसे ते नाहीसे होत जाते. हे वर्तन रितोव्हा (१९६७) व केल्डिश (१९७९) या सोव्हिएट शास्त्रज्ञांनी गणिताने दाखविले होते. मँचेस्टर विद्यापीठात २००४ मध्ये ग्रॅफीन (ग्रॅफाइटाचा एकेरी थर) अलग करण्यात आल्यावर त्याला प्रायोगिक महत्त्व आले.

परिरक्षण दुर्बल असल्याने इलेक्ट्रॉन व त्याने मागे सोडलेली धनभारित पोकळी ही जोडी (एक्सायटॉन) घट्ट बांधली जाते. तिची बंधनऊर्जा गॅलियम आर्सेनाइडाच्या जाड स्फटिकात सु. ०.००४ इलेक्ट्रॉन व्होल्ट (इ. व्हो.) असते; टंगस्टन डायसल्फाइडाच्या एकेरी थरात ती २०१४ मध्ये सु. ०.३२ इ. व्हो. आढळली.

रासायनिक बदलाने थराची मूळ ध्रुवणक्षमताच बदलते. ग्रॅफिनातील प्रत्येक कार्बन अणूला फ्ल्युओरीन जोडल्यास (फ्ल्युओरोग्रॅफीन, २०१०) संचारक्षम इलेक्ट्रॉन बंधांत अडकतात, संवाहक थर निरोधक बनतो व परिरक्षण आणखी घटते. त्याचे प्रकाशीय ऊर्जा-अंतर प्रयोगात सु. ३ इ. व्हो. आढळले, तर इलेक्ट्रॉनीय ऊर्जा-अंतर सैद्धांतिक गणनेने सु. ७ इ. व्हो. येते. या तफावतीचा एक भाग एक्सायटॉनाच्या बंधनऊर्जेचा असून उरलेल्यास थरातील दोष कारणीभूत मानतात.

थराबाहेरील द्रव्यही परिरक्षणात भाग घेते. टंगस्टन डायसल्फाइडाच्या थरालगत ग्रॅफीन ठेवल्यास त्याचे ऊर्जा-अंतर ०.१ इ. व्हो.हून अधिक घटते, असे २०१७ मध्ये दिसून आले. म्हणून अशा थराचे मापन देताना त्याचे रासायनिक संघटन व खालील आधारद्रव्य ही दोन्ही नमूद करणे आवश्यक ठरते. एरवी परिसराचा परिणाम थराचा अंगभूत गुणधर्म समजला जाण्याचा संभव असतो.