वैद्यकीय शोधनिबंधातील संदर्भनोंद : व्हँकूवर पद्धतीचा परिचय

प्रस्तावना :

शोधनिबंध लिहून झाल्यावर उरलेले किरकोळ काम म्हणून संदर्भसूचीकडे पाहण्याची सवय अनेक संशोधकांना असते. वैद्यकीय नियतकालिकांच्या बाबतीत ही सवय विशेष घातक ठरते. कारण तेथे छापलेल्या एका विधानाच्या आधारे रुग्णास औषध दिले जाते अथवा नाकारले जाते. अशा नियतकालिकाकडे पाठवावयाच्या हस्तलिखितात संदर्भ कसे द्यावेत आणि त्या नियमांमागील कारणे कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पद्धतीचा उगम :

जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूवर येथे वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांची अनौपचारिक बैठक झाली. तोपर्यंत प्रत्येक नियतकालिकाची रीत निराळी होती. एका ठिकाणाहून साभार परत आलेला निबंध दुसरीकडे पाठवावयाचा तर संपूर्ण संदर्भसूची पुन्हा टंकलिखित करावी लागे, आणि प्रत्येक पुनर्लेखनात नव्या चुका शिरत. या गटाने तयार केलेल्या समान सूचना १९७९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाल्या. संदर्भांचा आराखडा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने सिद्ध केला होता. पुढे हाच गट 'इंटरनॅशनल कमिटी ऑफ मेडिकल जर्नल एडिटर्स' या नावाने ओळखला जाऊ लागला व २०१३ पासून त्याच्या सूचना 'शिफारशी' या शीर्षकाखाली प्रसिद्ध होतात. व्हँकूवर हे नाव मात्र पद्धतीला कायमचे चिकटले.

अंक आणि नोंद :

या पद्धतीचा गाभा क्रमांकात आहे. निबंधाच्या मजकुरात जो संदर्भ प्रथम येतो त्यास १, त्यानंतरच्या नव्या संदर्भास २, अशा क्रमाने अंक दिले जातात. तोच संदर्भ पुन्हा आल्यास त्याचा मूळ अंकच वापरावयाचा. सूचीही याच क्रमाने असते, आडनावांच्या वर्णानुक्रमाने नव्हे. सामाजिक शास्त्रांत लेखक-वर्ष पद्धतीची सवय झालेल्यांचा येथेच गोंधळ उडतो. अंक कंसात लिहावा की ओळीच्या किंचित वर, हे त्या त्या नियतकालिकाच्या सूचना वाचूनच ठरवावे. कोष्टकात किंवा आकृतीच्या मथळ्यात संदर्भ असेल तर ते कोष्टक वा आकृती मजकुरात प्रथम जेथे उल्लेखिली आहे, त्या स्थानानुसार त्याचा क्रमांक ठरतो. ही बाब हमखास सुटते, आणि एक अंक चुकला की पुढील सारे अंक चुकतात.

नोंदीचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल :

पोर्टर जे, जिक एच. अ‍ॅडिक्शन रेअर इन पेशंट्स ट्रीटेड विथ नार्कोटिक्स. एन इंग्ल जे मेड. १९८०;३०२(२):१२३.

येथे आडनाव आधी व आद्याक्षर नंतर आले आहे. दोहोंमध्ये स्वल्पविराम नाही, आद्याक्षरापुढे बिंदू नाही. वर्षानंतर अर्धविराम, मग खंड, कंसात अंक, अपूर्णविराम आणि शेवटी पृष्ठ. पृष्ठे अनेक असल्यास ६३७ ते ६४१ हे ६३७-४१ असे संक्षेपाने लिहितात. लेखक सहापेक्षा अधिक असतील तर समितीच्या नमुन्यानुसार पहिल्या सहांची नावे देऊन पुढे 'एट अल' लिहावयाचे. काही नियतकालिके तिघांवरच थांबतात. नियतकालिकाच्या नावाचा संक्षेप मनाने करू नये. तो नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या सूचीतून घ्यावा. 'लॅन्सेट'सारख्या एकशब्दी नावाचा संक्षेप होत नाही.

मराठी नावांबाबत एक अडचण नमूद करणे आवश्यक आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली रचना या चौकटीत आडनाव व दोन आद्याक्षरे अशी बसते. परंतु एकच संशोधक कधी मधले नाव देतो, कधी गाळतो. विवाहानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम तर सूचींमध्ये दोन अपरिचित व्यक्तींच्या नावे विभागले जाते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'ऑर्किड' या ओळखक्रमांकामुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे. तथापि पहिल्या निबंधापासून नावाचे एकच रूप कायम ठेवणे हा अधिक सोपा उपाय होय.

अचूक नोंद, चुकीचा आधार :

विरामचिन्हे बिनचूक असूनही संदर्भ दिशाभूल करू शकतो, आणि वर उदाहरणादाखल घेतलेली नोंद याचाच पुरावा आहे. १० जानेवारी १९८० च्या अंकातील तो मजकूर म्हणजे संशोधन-लेख नव्हता, तर संपादकांना लिहिलेले अवघ्या पाच वाक्यांचे पत्र होते. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांमध्ये व्यसनाधीनतेची नोंद आढळली, एवढेच त्यात सांगितले होते. घरी महिनोन्महिने औषध घेणाऱ्यांविषयी त्यात अक्षरही नव्हते. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार या पत्राचा संदर्भ ६०८ वेळा दिला गेला. त्यांपैकी ४३९ ठिकाणी तो 'व्यसन क्वचितच लागते' याचा पुरावा म्हणून आला आणि ४९१ ठिकाणी रुग्ण रुग्णालयात दाखल होते हा तपशील गाळला गेला. उत्तर अमेरिकेतील अफूजन्य औषधांच्या संकटाला या बेफिकीर संदर्भांनी हातभार लावला, असा पाहणीकर्त्यांचा निष्कर्ष होता. हे पत्र स्वतः वाचून संदर्भ देणाऱ्यांची संख्या किती अल्प असेल, याची कल्पना यावरून येते.

हा प्रकार अपवादात्मक नाही. जानेवारी १९८४ मधील सहा वैद्यकीय नियतकालिकांची तपासणी करणाऱ्या एका अभ्यासात २४ टक्के संदर्भांच्या नोंदीत चुका आढळल्या, तर १५ टक्के संदर्भांत मूळ लेखकाचे म्हणणेच चुकीचे मांडले होते. पहिल्या प्रकारची चूक ग्रंथपालही शोधू शकतो. दुसरी केवळ मूळ निबंध वाचणाऱ्यासच दिसते. म्हणूनच दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उचलण्याऐवजी मूळ लेख मिळवून वाचावा, अशी समितीची अपेक्षा आहे. अप्रकाशित माहिती वा खाजगी पत्रव्यवहार सूचीत घालू नये; अगदी अपरिहार्य असल्यास संबंधिताच्या लेखी परवानगीने मजकुरातच कंसात नमूद करावा.

संदर्भित निबंध मागे घेतला गेला आहे काय, हेही पाहणे लेखकाचे कर्तव्य आहे. गोवर-गालगुंड-रुबेला लस व स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा 'लॅन्सेट'मधील १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला. त्याचा उल्लेख करावयाचाच असेल तर मागे घेतल्याची नोंदही सूचीत दाखवावी लागते. 'पबमेड'वर अशा निबंधाच्या शीर्षकासोबत तशी सूचना असते. झोटेरो, मेंडेले, एंडनोट यांसारख्या संगणक-प्रणाली अंकांचा क्रम आपोआप सांभाळतात व जागोजागीची विरामचिन्हे बदलून देतात, हे खरे. परंतु आयात केलेल्या माहितीत लेखकाचे आडनाव चुकले असेल तर तीच चूक त्या नीटनेटकी छापतात. हस्तलिखित पाठविण्यापूर्वी सूचीतील प्रत्येक नोंद मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी आणि मजकुरातील विधान मूळ लेखातील विधानाशी, अशी दोनदा ताडून पाहावी. चाळीस संदर्भांच्या निबंधास यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवणे योग्य.