साथसंगतीचा धनी

पाश्चात्त्य देशांत नामांकित पियानोवादकाचे आसन रंगमंचाच्या मध्यभागी असते. त्याच्या नावावर सभागृहे भरतात, आणि उतारवयात तो शिकवू लागला म्हणजे त्याचा शिष्य म्हणवून घेण्यात तरुण वादकांना धन्यता वाटते. आपल्याकडे सुरांच्या पट्ट्यांवर हयात घालविणारा कलावंत गायकाच्या डाव्या हाताशी बसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तात ‘पेटीवर अमुक यांनी साथ केली’ एवढ्या एका ओळीत त्याची बोळवण होते. बेळगावचे पंडित रामभाऊ विजापुरे यांनी ही एक ओळ किती मोठी असू शकते, ते आयुष्यभर दाखवून दिले.

रामभाऊंचा जन्म १९१७ साली बेळगाव जिल्ह्यातील कागवाडचा. पेटीचे शिक्षण तर त्यांनी घेतलेच. पण गळ्याचे मर्म कळल्याखेरीज बोटांना अर्थ येत नाही, हे ओळखून त्यांनी गायनाचीही तालीम घेतली. त्यांच्या गुरूंमध्ये सावंतवाडीच्या मातीतून वर आलेले रामकृष्णबुवा वझे होते, ही गोष्ट आम्हा किनारपट्टीवरील वाचकांना विशेष अभिमानाची वाटावी. पुढे मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व अशा थोरांना त्यांनी साथ केली. या प्रत्येकाची गायकी निराळी, स्वभाव निराळा. गायक पुढे कोणत्या वळणाने जाणार याचा अदमास घ्यायचा, त्याच्या वाटेत यायचे नाही आणि तो श्वासासाठी थांबला तर सुराचा धागा तुटू द्यायचा नाही, हे काम वाटते तितके सोपे नाही. त्याला विद्वत्ता लागते आणि त्याहून अधिक निरहंकार लागतो.

त्यातच हे वाद्य परके म्हणून हिणवले गेलेले. एकोणिसाव्या शतकात ते युरोपातून आले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाने भाता चालविण्याच्या त्या वाद्याला हाताच्या भात्याचे, मांडी घालून वाजविण्याजोगे रूप दिले, आणि कीर्तन, भजन, नाटक व मैफल अशा सर्व ठिकाणी ते रुजले. परंतु त्यावर मींड निघत नाही, पट्ट्या ठरीव अंतरावर बसविलेल्या असल्याने श्रुतींचे सूक्ष्म भेद सापडत नाहीत, हे आक्षेप होते आणि ते खोटेही नव्हते. रवींद्रनाथांसारख्या कविश्रेष्ठाचाही या वाद्याला विरोध होता. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. इंग्रज गेले, स्वराज्य आले, तरी तो निर्बंध उठला नाही. तो शिथिल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. म्हणजे रामभाऊंच्या उमेदीची तीन दशके अशी गेली की, ज्या गायकांना मैफलीत त्यांच्यासारख्यांची साथ हवीशी वाटे, त्यांनाच नभोवाणीवर पेटीशिवाय गावे लागे! वाद्यातील उणीव कबूल करूनही आम्हास म्हणावेसे वाटते की, ती भरून काढण्याचे काम फर्मानाने होत नाही, साधनेने होते. आमच्या बोरीचे तुळशीदास बोरकर यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या साधनेची पावती सरकारदरबारीही फाटली.

रामभाऊंची खरी पुण्याई मात्र त्यांच्या अध्यापनात आहे. बेळगावातील त्यांच्या श्रीराम संगीत महाविद्यालयात पिढ्यान् पिढ्यांनी स्वरांची बाराखडी गिरविली. त्यांतील थोडेच व्यासपीठावर गेले. बाकीचे संसाराला लागले. पण चांगले गाणे कोणते हे ओळखणारा कान घेऊन गेले. ज्या शहरात भाषेच्या प्रश्नावरून माणसांची मने दुभंगली, त्याच शहरात मराठी आणि कानडी घरांतील मुले एका गुरूपुढे बसून एकच यमन शिकत होती. सीमाप्रश्नाचा न्याय व्हावा, या आग्रहात आम्ही कधी कुचराई केलेली नाही. तरीही हे सांगणे आमचे कर्तव्य आहे की, वझेबुवांची विद्या कागवाडच्या मुलाने घ्यावी आणि त्याने ती धारवाडकडच्या गायकांच्या सेवेस लावावी, ही देवघेव कोणत्याही नकाशाने अडविली नाही. २०१० साली, नव्वदी ओलांडल्यावर रामभाऊ गेले.

आता प्रश्न उरतो तो त्यांच्या मागे राहिलेल्या कामाचा. बेळगावला विद्यालय मिळाले; पण कलबुर्गी जिल्ह्यातील भीमेकडच्या करजगीसारख्या सीमेवरील गावांचे काय? या पट्ट्यात मराठी अभंग आणि कानडी वचने शेजारी-शेजारी नांदतात, आणि दोहोंना पेटीचाच आधार असतो. अशा गावी ऐकून-ऐकून पेटी धरणारा मुलगा निघतोच. त्याची बोटे योग्य पट्टीवर ठेवणारा शिक्षक मात्र क्वचितच मिळतो. बटण दाबताच तयार ठेका देणारी विजेची वाद्ये स्वस्तात मिळू लागल्यावर तर शिकण्याची निकडही कुणाला भासत नाही.

दोन्ही राज्यांची सरकारे सीमाभागासाठी समित्या नेमतात, अनुदाने जाहीर करतात. त्यांतील अल्पसा वाटा तालुक्याच्या ठिकाणी एकेक संगीतशिक्षक नेमण्याकडे वळविला, आणि त्याच्या वर्गात येणाऱ्या मुलाला मातृभाषा विचारली नाही, तर रामभाऊंच्या स्मृतीचे याहून उचित जतन दुसरे नाही. आणि आम्हा वृत्तपत्रवाल्यांनीही मैफलीच्या वृत्तात साथीदारासाठी एका ओळीहून थोडी अधिक जागा राखावी.