दिवाळी ते शिमगा : आयटीआयचे पहिले वर्ष

शाळेच्या प्रत्येक स्मरणिकेत दहावीच्या निकालाचे कोष्टक असते, तसे ते या अंकातही आहे. मुलांचे गुण आपण जपून ठेवतो, छायाचित्रे जपून ठेवतो. परंतु निकालानंतर ही मुले कोठे गेली आणि गेली तेथे टिकली का, याची नोंद ठेवण्याची सवय आम्हाला उशिरा लागली, हे प्रथमच मान्य करतो. निरोप समारंभ झाला, शाळा सोडल्याचा दाखला हाती दिला, की आपले कर्तव्य संपले अशीच आमची पुष्कळ वर्षे समजूत होती. ती चुकीची होती हे ज्या मुलांमुळे आम्हाला कळले, त्यांच्या अनुभवातून हा लेख लिहीत आहोत. तो मुख्यतः पालकांसाठी आहे आणि आज नोकरीधंद्यात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठीही.

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील आपल्या मुलांपैकी अनेकांचा ओढा दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेकडे, म्हणजे आयटीआयकडे असतो. जव्हारला शासकीय संस्था आहे, मोखाड्यालाही आहे. ही वाट आपल्या समाजाला परकी नाही. 1942 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारला जे निवेदन सादर केले, त्यात अस्पृश्य समाजाच्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत त्यांना उमेदवार म्हणून घ्यावे, अशी मागणी होती. वकील आणि प्राध्यापक घडवणारी महाविद्यालये काढणाऱ्या या पुरुषाने कारखान्याच्या दाराकडेही तितक्याच गांभीर्याने पाहिले होते. पुढे 1950 मध्ये केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली आणि 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आज आपला मुलगा ज्या वर्कशॉपमध्ये उभा राहतो, ते या सगळ्या खटाटोपातून उभे राहिले आहे. म्हणून ‘कमी गुण पडले, घाला आयटीआयला’ हे वाक्य मुलाच्या देखत तरी कोणी उच्चारू नये, अशी आमची पहिली विनंती आहे. ते वाक्य मुले विसरत नाहीत.

आता व्यवसायांविषयी थोडे. प्रवेशाच्या यादीतील मराठी नावे पाहून पालक गोंधळतात. जोडारी म्हणजे फिटर, वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन, तारतंत्री म्हणजे वायरमन, संधाता म्हणजे वेल्डर, कातारी म्हणजे टर्नर. जोडारी आणि वीजतंत्री हे दोन वर्षांचे, संधाता आणि नळ कारागीर हे एक वर्षाचे. वीजतंत्रीला दहावी उत्तीर्ण असावे लागते. तारतंत्री व संधाता यांना आठवी उत्तीर्ण मुलगाही पात्र ठरतो. प्रवेश ऑनलाइन होतो आणि फेऱ्यांनी होतो. पहिल्या फेरीत नाव आले नाही म्हणून अर्ज सोडून देणारी मुले आम्ही पाहिली आहेत, त्यांनी पुढच्या फेऱ्यांकडे लक्ष ठेवायला हवे होते. आणखी एक : मित्राने जो व्यवसाय भरला तोच आपणही भरायचा, ही रीत फार आहे. तिला आम्ही मोडता घालू शकलेलो नाही.

खरा विषय प्रवेशानंतरचा आहे. निवासी शाळेतला मुलगा आठ-दहा वर्षे घंटेवर जगलेला असतो. पहाटेची घंटा, वंदना, न्याहारी, वर्ग, जेवण, अभ्यासिका, दिवे मालवणे. कधी उठायचे, कधी जेवायचे, कपडे कधी धुवायचे, याचा विचार त्याने कधी केलेला नसतो, कारण तो आम्ही त्याच्या वतीने केलेला असतो. आयटीआयत तो पहिल्यांदा घंटेबाहेर पडतो. वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर तिघा-चौघांनी मिळून खोली घ्यायची, स्टोव्ह आणायचा, तांदूळ घरून न्यायचा. सोळा वर्षांच्या मुलाने भात करपवला तर त्यात हसण्यासारखे काही नाही. पण रोजच करपवू लागला, की तो वडापाववर राहू लागतो आणि पैसे महिन्याच्या मध्येच संपतात. दहावीच्या सुट्टीत आईने त्याला भात, डाळ आणि एक भाजी शिकवावी. हे सांगताना आम्हाला संकोच वाटतो, कारण हे काम शाळेनेच करायला हवे होते.

पहिल्या दोन महिन्यांत आणखी एक गोष्ट घडते, आणि ती पालकांना ठाऊक असणे फार आवश्यक आहे. जोडारी शिकणाऱ्या मुलाला पहिले कित्येक आठवडे कानस चालवायला लावतात. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडायचा आणि घासायचा. गुण्या लावून पाहायचे, फट दिसली की पुन्हा घासायचे. हाताला फोड येतात. मुलगा शनिवारी घरी येऊन सांगतो की तेथे शिकवत काही नाहीत, नुसते लोखंड घासायला लावतात. बापाला वाटते, हमालीच करायची तर ती शेतावर काय वाईट? या एका गैरसमजातून मुले परत आलेली आहेत. वस्तुतः सपाट घासणे ही त्या विद्येची बाराखडी आहे. व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजता येतो, मायक्रोमीटरने शंभरावा. इतक्या सूक्ष्म मापाचे काम ज्या हाताने पुढे करायचे, त्या हाताला आधी लोखंडावरचा दाब कळावा लागतो, आणि तो घासूनच कळतो. यंत्रावरचे काम पुढे येते. मुलगा कंटाळून आला तर त्याला फोडांवर तेल लावून द्यावे, दोन घास अधिक वाढावेत आणि सोमवारच्या पहिल्या गाडीला बसवावे.

वडिलांनी येथे एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. आपल्याकडील पुष्कळ बापांना अक्षर येत नसले तरी हत्यार येते. कुडाचे घर बांधलेला, नांगर घडवलेला, वाकस आणि पटाशी चालवणारा माणूस कारागीरच असतो. आपल्या भागात बोहाड्याचे मुखवटे घडवणारे हात आहेत. अशा बापाने मुलाला ‘किती मार्क पडले’ असे विचारण्याऐवजी ‘या आठवड्यात कोणते हत्यार हातात धरले, ते कसे धरायचे’ असे विचारावे. मुलगा उत्साहाने सांगतो आणि बापालाही त्यातले कळते. शाळेच्या पुस्तकांविषयी ही बोलणी घरात कधी होऊ शकली नव्हती.

अडते ते भाषेपाशी आणि गणितापाशी. हत्यारांची नावे इंग्रजी, पुस्तकातली मराठी निराळी, आणि घरची बोली वारली, कोकणा किंवा कातकरी. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने वहीत तीन रकाने आखले होते : फाइल, कानस आणि घरी म्हणतात ते, हॅकसॉ, लोखंड कापायची करवत आणि घरी म्हणतात ते. वर्षअखेरीस ती वही त्याच्या सगळ्या तुकडीत फिरली. आता दहावीनंतरच्या सुट्टीत आम्ही आयटीआयला जाणाऱ्या प्रत्येकाला अशी वही घालून देतो. अपूर्णांक, दशांश आणि कोन यांची उजळणीही त्याच सुट्टीत घेतो, कारण वर्कशॉपच्या गणितात आणि रेखाचित्रात मुले अडखळतात ती येथेच. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल ते कागदावर काढणे प्रथम अवघड जाते. त्यासाठी साबणाची वडी कापून तिचे तिन्ही बाजूंनी चित्र काढण्याचा सराव आम्ही देतो. साबण पुढे आंघोळीला उपयोगी पडतो.

संधात्याच्या मुलाच्या घरी एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. वेल्डिंगचा उजेड काचेशिवाय पाहिला, तर त्याच वेळी फारसे काही होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि पाणी वाहते. अशा वेळी घरगुती उपचार करू नयेत, दवाखान्यात न्यावे. मुलाला दोष देऊ नये, पण काच आणि बूट यांच्या बाबतीत पैशाची काटकसर करू नये.

यानंतर जे सांगायचे आहे त्यासाठीच खरे तर हा लेख लिहिला. आयटीआयचे वर्ष आपल्या शेतीच्या आणि स्थलांतराच्या वर्षाशी जुळत नाही. प्रवेशाची धावपळ भाताच्या आणि नागलीच्या लावणीत येते. ती कशीबशी निभावते. मग कापणी होते, दिवाळी होते, आणि घरात वर्षाचे धान्य नाही हे दिसू लागते. वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. भिवंडी, वसई, वाडा या बाजूच्या भट्ट्यांवर कुटुंब निघते, काही जण नाशिककडे द्राक्षांच्या कामाला जातात. उचल घेताना घरातले हात मोजलेले असतात, आणि सोळा वर्षांच्या मुलाचे हात त्यात असतातच. दुसरे, जे घरी राहते त्याच्या जेवणाची सोय कोण करणार? दाराला कुलूप लागते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपला एक मुलगा जोडारीला होता. कानस उत्तम चालवी, निदेशकही त्याच्यावर खूश होते. दिवाळीनंतर तो संस्थेत दिसला नाही. आम्हाला हे कळले शिमग्याला, जेव्हा घरची माणसे सणापुरती गावी आली आणि तो भट्टीवरच्या विटांच्या धुळीने भरलेल्या केसांनिशी शाळेत आम्हाला भेटायला आला. परत जाऊ का, असे त्याने विचारले. तोवर फार उशीर झाला होता. वार्षिक परीक्षेला बसायचे तर 80 टक्के हजेरी लागते, म्हणजे पाच दिवसांत एकाहून अधिक खाडा चालत नाही. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे महिने गेले, की ही मुभा संपून जाते. आम्ही संस्थेत विचारले, पण नियमापुढे कोणाचेच काही चालण्यासारखे नव्हते. त्याच्या वडिलांना आम्ही दोष दिला नाही. त्यांनी खावटीचा हिशेब आम्हाला बोटांवर मांडून दाखवला होता, आणि त्यात चूक नव्हती.

चूक आमची होती. दसऱ्याच्या आधी, उचल ठरण्यापूर्वी, कोणीतरी त्यांच्या अंगणात जाऊन बसायला हवे होते. तेव्हा एवढेच म्हणायचे होते की या वर्षी हात मोजताना या पोराचे दोन हात सोडून मोजा. उचल घेतल्यानंतर हे बोलणे निरर्थक असते. त्यानंतर आम्ही भाद्रपदातच पाड्यावर जाऊ लागलो. सगळे ऐकतात असे नाही. ज्या घरात आजारपण आहे किंवा जुनी उचल फिटलेली नाही, तेथे आम्ही काही बोललो नाही, बोलू शकलो नाही. पण जेथे मुलाच्या राहण्याजेवणाचा प्रश्न सुटला, तेथे बहुतेक आईबाप त्याला मागे ठेवायला तयार झाले. त्यांचा विरोध शिक्षणाला नव्हताच.

मुलींच्या बाबतीत थोडे निराळे आहे. शासकीय संस्थेत त्यांच्यासाठी 30 टक्के जागा राखीव असतात, तरी घरचे लोक शिवणकामापलीकडे पाहत नाहीत. वीजतंत्री ही मुलींना जमण्यासारखी गोष्ट आहे; तारा जोडण्यासाठी दंडातल्या बळापेक्षा बोटांतला नेमकेपणा लागतो. पालकांची खरी चिंता असते संध्याकाळच्या एसटीची. ती चिंता खोटी नाही. पावसाळ्यात घाटात गाडी उशिरा येते, फाट्यापासून पाड्यापर्यंत अंधारात चालावे लागते. एकाच बाजूच्या दोन-तीन मुलींनी एकाच संस्थेत प्रवेश घेतला, तर हा प्रश्न निम्मा सुटतो. म्हणून मुलींचे अर्ज आम्ही आता एकत्र बसवून भरतो.

पैशांविषयी दोनच गोष्टी. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरावा आणि मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची दहावीतच खात्री करून घ्यावी. पैसे खात्यावर यायला वेळ लागतो, तेव्हा बूट, एप्रन आणि रेखाचित्राचे साहित्य यांची सोय आधी घरून करावी लागते.

पुढे काय, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते, त्यानंतर कारखान्यात विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवारी करता येते. आपल्या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही आणि मोठे कारखाने नाहीत, त्यामुळे बोईसर-तारापूर किंवा नाशिकचे सातपूर-अंबड येथे जावे लागते. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला वीजतंत्री आणि तारतंत्री अर्ज करतात. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ही गोष्ट फार थोड्या मुलांना ठाऊक असते. उमेदवारीसाठी प्रथमच बोईसरला उतरलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात झोपायला जागा आणि एक ओळखीचा चेहरा लागतो. तेवढे त्याला मिळाले, तर तो महिनाभरात आपली खोली आपण शोधतो.

वर उल्लेख केलेला मुलगा पुढल्या वर्षी पुन्हा प्रवेशाला बसला आणि त्याला संधाता मिळाले. त्या वर्षी दिवाळीनंतर तो जव्हारमध्ये आपल्याच एका माजी विद्यार्थ्याच्या घरी राहिला. रात्रीचे जेवण त्यांच्याकडे, सकाळचे तो स्वतः करी. शिमग्याला आईबाप भट्टीवरून आले, तेव्हा त्याने खिडकीचा एक लोखंडी गज त्यांना दाखवायला आणला होता. सांधा थोडा जाड झाला होता, ते त्यानेच आधी सांगितले.

यंदाही मुले आयटीआयला लागली आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांची जव्हार किंवा मोखाडा गावात घरे आहेत आणि दिवाळी ते शिमगा एका मुलाला रात्रीचे जेवण व झोपण्यापुरती जागा देता येईल, त्यांनी दसऱ्यापूर्वी शाळेच्या कार्यालयात नाव कळवावे. बोईसर आणि नाशिक येथील मंडळींनीही कळवावे. मुलगा तांदूळ घेऊन येईल.