रोगांनी घडविलेले वैविध्य

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत भाजलेल्या रुग्णांवर दुसऱ्याची कातडी लावून पाहणाऱ्या पीटर मेडावार यांच्या ध्यानात आले की, परक्याची कातडी शरीर प्रथम काही दिवस सहन करते, परंतु त्याच दात्याची कातडी पुन्हा लावली असता ती अधिक तातडीने टाकून देते. आपपरभावाची ही ओळख पेशींच्या पृष्ठभागावरील ज्या रेणूंमुळे पटते, त्यांपैकी माणसातील पहिला झाँ दोसे यांनी १९५८ साली पॅरिसमध्ये हुडकला. त्यांना पुढे एचएलए हे नाव पडले. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असून, त्यांची हजारो रूपे आजवर दप्तरी दाखल झाली आहेत. केवळ शस्त्रवैद्यांना छळण्याकरिता निसर्गाने एवढा खटाटोप केला असेल, हे काही संभवत नाही. अवयवरोपण ही तर कालपरवाची गोष्ट.

या रेणूंचे खरे काम रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७३-७४ मध्ये कॅनबरा येथे उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून उजेडात आले. पेशीत निर्माण होणाऱ्या प्रथिनांचे लहान तुकडे हे रेणू आपल्या खाचेत धरून बाहेर मांडतात, आणि गस्तीवरील टी-पेशी या रक्षक पेशी, जकातनाक्यावरच्या कारकुनाने गाडीतील मालाचा नमुना पाहावा तशा, तो तुकडा न्याहाळतात. तुकडा विषाणूचा निघाला की त्या पेशीचा निकाल लागलाच. १९८७ साली हार्वर्ड येथे या रेणूची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा असे दिसले की माणसामाणसांतील भेद रेणूभर विखुरलेले नसून बहुतांशी त्या खाचेच्या तळाशी आणि भिंतींवरच एकवटलेले आहेत. पुढच्याच वर्षी ऑस्टिन ह्यूज आणि मासातोशी नेई यांनी त्याचा हिशेब मांडला. जनुकातील काही बदलांनी प्रथिन बदलते, काहींनी बदलत नाही. प्रथिन बदलणारे बदल सहसा चाळून टाकले जातात, पण खाचेच्या भागात मात्र तेच अधिक टिकलेले आढळले. नैसर्गिक निवडीचे याहून स्पष्ट शिक्कामोर्तब क्वचितच पाहावयास मिळते.

एका घडणीच्या खाचेत काही विशिष्ट तुकडेच बसतात. म्हणून आई आणि बाप यांच्याकडून दोन निराळी रूपे मिळालेल्या माणसास अधिक रोगजंतूंचे तुकडे मांडता येतात. शिवाय समाजात जे रूप बहुसंख्य, त्याला चकवण्यास जंतू शिकतात आणि विरळ रूपाचा भाव वधारतो. म्हणजे सर्वकाळ श्रेष्ठ असे जनुक कोणतेच नव्हे. वंशश्रेष्ठत्वाच्या वल्गना करणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावयास हरकत नाही.

याचे मोठे बोलके प्रमाण पश्चिम आफ्रिकेतील गांबियात सापडले. तेथील बालकांची पाहणी करून एड्रियन हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखविले की, एचएलएचे बी-५३ हे रूप असणाऱ्या मुलांना जीवघेण्या हिवतापाचा धोका कमी असतो. हे रूप तेथे विपुल, इतर वंशांत दुर्मीळ. गडचिरोली-नंदुरबारकडील वाचकांना परिचित असलेले सिकलसेलचे जनुक गांबियातही आहे. त्याची एक प्रत हिवतापापासून राखते, दोन प्रती मात्र आयुष्यभराचा आजार देतात. त्या समाजात सिकलसेलमुळे हिवताप जितका घटतो, जवळजवळ तितकाच अशा एचएलए-रूपांमुळेही घटतो, असे या पाहणीत दिसले.

दक्षिण अमेरिकेची कथा निराळी. आशियातून तेथवर पोहोचलेल्या मूळ पूर्वजांची संख्या थोडी, त्यामुळे रूपांची शिदोरीही तुटपुंजी. तथापि ब्राझीलमधील काइंगांग व ग्वारानी आणि इक्वेडोरमधील वाओरानी या जमातींच्या तपासणीत १९९२ साली असे दिसले की, जुन्या रूपांच्या लहान लहान भागांची अदलाबदल होऊन त्यांच्यात एचएलएच्या बी या जनुकाची नवीच रूपे उत्पन्न झाली आहेत. युरोपीयांनी आणलेल्या देवी-गोवराने या खंडात जो संहार केला त्यात जनुकांच्या या एकसारखेपणाचा वाटा असावा, असे काही शास्त्रज्ञ मानतात. पण उपासमार, सक्तीची मजुरी आणि विस्थापन यांचा हिशेब बाजूला ठेवून सारा दोष जनुकांच्या माथी मारणे मला पटत नाही.

निवड फुकट काही देत नाही. बी-२७ हे रूप असणाऱ्यांत एचआयव्हीची वाढ मंदावते, कारण ते विषाणूचा असा एक तुकडा पुढे करते की जो बदलू गेल्यास विषाणूलाच पंगुत्व येते. आणि हेच बी-२७ पाठीचा कणा ताठरणाऱ्या संधिवाताशी निगडित असल्याचे १९७३ पासून ज्ञात आहे. ते असणाऱ्या बहुतेकांना हा विकार कधीच जडत नाही. तथापि सकाळी उठल्यावर ज्याची कंबर तासन्‌तास आखडलेली असते, अशा तरुणाला वैद्य आज जी रक्ततपासणी लिहून देतात, तीत याच रूपाचा शोध घेतलेला असतो.